बीमनची ८.९० ची उडी आणि तिच्या आदल्या दिवसाची उडी

शहादा तालुक्यातल्या एका क्रीडाशिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेत मुलांना अमेरिकेच्या बॉब बीमनची, १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमधल्या त्याच्या ८.९० मीटरच्या लांब उडीची गोष्ट सांगितली, तेव्हा नववीतल्या एका मुलाने विचारलं, की त्याचा विक्रम १९९१ मध्येच मोडला, मग अजून त्याचंच नाव का घेतात? मेक्सिकोची विरळ हवा, पाठीमागून नियमात बसेल नेमका तेवढाच वारा, आणि पुढे तो पुन्हा तेवढा कधी उडालाच नाही. मग ही उडी मोठी म्हणायची की नशिबाची? आणि आपल्याकडच्या मुलामुलींसमोर आदर्श ठेवायचा तो बीमनचा, कार्ल लुईसचा की अंजू बॉबी जॉर्जचा?

सर, त्या मुलाला आधी माझ्याकडून शाबासकी द्या. विक्रमाचे आकडे पाठ असलेली मुलं पुष्कळ भेटतात, आकड्याला 'का' विचारणारं एखादंच. जळगाव-धुळ्याच्या मैदानांवर मुलांना उड्या शिकवण्यात आणि जिल्हा-विभागाच्या स्पर्धांत पिटवर, म्हणजे उडीच्या वाळूच्या खड्ड्यापाशी, पंच म्हणून उभं राहण्यात माझी बरीच वर्षं गेली, तरी हा प्रश्न मला जुना वाटत नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. बीमनची उडी नशिबाची नव्हती. हवेची आणि वाऱ्याची मदत झाली हे खरं, पण ती काही त्याच्या एकट्यासाठी नव्हती. मात्र त्याचं सगळं नाव ज्या उडीवर उभं आहे ती ८.९० ची नाही. ती त्याच्या आदल्या दिवशीची, पात्रता फेरीतली तिसरी उडी आहे, आणि मुलांना शिकवायची असेल तर तीच.

आधी ८.९० चं बघू. १९३५ मध्ये जेसी ओवेन्स ८.१३ मीटर उडाला. हा विक्रम पंचवीस वर्षं टिकला. १९६० मध्ये अमेरिकेच्याच राल्फ बॉस्टनने ८.२१ ची उडी घेऊन तो मोडला. त्यानंतर बॉस्टन आणि सोव्हिएत संघाचा इगोर तेर-ओव्हानेसियान यांच्यात चढाओढ चालू राहिली, कधी तीन सेंटिमीटर, कधी एक. १९६५ मध्ये बॉस्टन ८.३५ वर पोहोचला, १९६७ मध्ये तेर-ओव्हानेसियानने त्याची बरोबरी केली. म्हणजे ओवेन्सपासून बत्तीस वर्षांत जगाने २२ सेंटिमीटर कमावले. आणि १८ ऑक्टोबर १९६८ ला मेक्सिको सिटीच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत, पहिल्याच प्रयत्नात, बीमनने एकदम ५५ सेंटिमीटर वाढवले. फूट-इंचात सांगायचं तर तोवर २८ फूट कोणी ओलांडले नव्हते, आणि हा थेट २९ फूट अडीच इंचांवर उतरला.

हे फळ्यावर लिहून मुलांच्या डोळ्यांपुढे उभं राहत नाही. मैदानावर न्या. बोर्डपासून, म्हणजे जिथून उडी घेतात त्या फळीपासून, टेप धरून ८.३५ वर फक्कीची एक रेघ मारा, ८.९० वर दुसरी. मग एखाद्या मोठ्या मुलाला त्या दोन रेघांच्या मध्ये टाचेला अंगठा लावून पावलं ठेवायला सांगा. दोन पावलं बसतात. जिथे विक्रम एका बोटाच्या रुंदीने सरकत होता, तिथे ही दोन पावलं. मग आठ-नव्वदच्या रेघेपासून मागे वळून बोर्डकडे बघायला सांगा. मुलं गप्प होतात.

उडी मोजायला त्या स्पर्धेत रुळावर सरकणारं दुर्बिणीचं यंत्र ठेवलं होतं. ते जिथवर जात होतं त्याच्या पलीकडे बीमन उतरला होता, म्हणून पंचांनी शेवटी पोलादी टेप मागवला. आपल्या तालुक्याच्या स्पर्धेत दुसरं काही नसतंच, टेपच असतो. म्हणून की काय, आमच्या मुलांना हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. फलकावर ८.९० झळकलं तरी बीमनला त्याचा अंदाज येईना, कारण त्याला सवय फूट-इंचांची. बॉस्टनने त्याला सांगितलं, की तू २९ फुटांच्या पुढे गेलास. ते कळल्यावर त्याच्या पायांतलं त्राण गेलं आणि तो धावपट्टीवरच बसला.

आता हवेचा मुद्दा, जो तुमच्या विद्यार्थ्याने अगदी बरोबर काढला. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटरवर आहे. आपलं तोरणमाळ त्याच्या साधारण निम्म्या उंचीवर, आणि कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर, म्हणजे तेही खूपच खाली. एवढ्या उंचीवर हवा पाचव्या हिश्श्याने तरी विरळ होते. लांब उडीत त्याचा फायदा हवेत तरंगताना फारसा होत नाही, तो होतो रन-अपमध्ये, म्हणजे उडीआधीच्या धावेत. अंगावर येणारा हवेचा रेटा कमी झाला की शेवटच्या पावलांना वेग थोडा जास्त राहतो, आणि लांब उडी ही तीन हिस्से वेगाचीच आहे. त्याच आठवड्यात तिथे जिम हाइन्सने शंभर मीटर ९.९५ सेकंदांत आणि टॉमी स्मिथने दोनशे मीटर १९.८३ सेकंदांत मारले, ते काही योगायोगाने नाही. शिवाय ऑलिम्पिकमध्ये सिंथेटिक ट्रॅक पहिल्यांदा अंथरला गेला तोही तिथेच.

वाऱ्याचंही तसंच. उडीत वारा असा मोजतात: खेळाडू बोर्डपासून चाळीस मीटरवरची खूण ओलांडतो तिथून पाच सेकंद. त्याची सरासरी सेकंदाला २.० मीटरच्या वर गेली, तर उडी स्पर्धेत धरली जाते, पण विक्रम म्हणून नाही. बीमनच्या उडीला वारा नोंदला गेला बरोबर २.०. या नेमक्या आकड्यावर तेव्हापासून शंका घेतल्या गेल्या. त्या घेणाऱ्यांना मी वेडं म्हणणार नाही.

पण हाच हिशेब पुढे न्यायला हवा, आणि इथे बहुतेक जण थांबतात. तेर-ओव्हानेसियानची १९६७ ची ८.३५ ची उडी कुठली होती? मेक्सिको सिटीचीच, ऑलिम्पिकच्या एक वर्ष आधीची. म्हणजे त्या हवेत जगातला अव्वल माणूस काय करू शकतो हे आधीच कळलं होतं. ऑलिम्पिकच्या त्या अंतिम फेरीत ८.३५ चे दोन्ही मानकरी होते आणि १९६४ चा सुवर्णविजेता, ब्रिटनचा लिन डेव्हिसही होता. रौप्य मिळालं पूर्व जर्मनीच्या क्लाउस बेअरला, ८.१९ वर. कांस्य बॉस्टनला, ८.१६ वर. विरळ हवा सगळ्यांच्या फुप्फुसांत तीच होती. दुसऱ्या क्रमांकापेक्षा ७१ सेंटिमीटर पुढे जायला हवा पुरत नाही. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे त्यात मिळवली पाहिजे: बीमनच्या उडीनंतर थोड्याच वेळात पाऊस आला आणि बाकीच्यांच्या उड्या ओल्या धावपट्टीवर झाल्या. त्यामुळे अंतर थोडं फुगलं असेल. पण पाऊस नसता तरी कोणी ८.९० च्या जवळ गेलं असतं असं मला वाटत नाही, कारण पुढची दहा वर्षं कोरड्या मैदानांवरही कोणी गेलं नाही. साडेआठ मीटर ओलांडणारा पुढचा माणूस, लॅरी मायरिक्स, आला तो १९७९ मध्ये, ८.५२ घेऊन.

आणि उंचीवरच्या उड्या पुढेही झाल्याच की. रॉबर्ट एम्मियान १९८७ मध्ये आर्मेनियातल्या डोंगरावर ८.८६ उडाला. इटलीतल्या सेस्त्रिएरेला, दोन हजार मीटरच्या वर, माइक पॉवेल १९९२ मध्ये ८.९९ गेला, पण वारा ४.४ होता म्हणून विक्रम नाही. तिथेच १९९५ मध्ये क्युबाचा इव्हान पेद्रोसो ८.९६ गेला, आणि ती उडी विक्रमात धरली गेली नाही, कारण वारामापक यंत्रासमोर एक माणूस उभा राहिलेला दिसला. (आमच्या स्पर्धांत यंत्राजवळ स्वयंसेवक पाण्याची बाटली घेऊन उभे राहतात, त्यांना मी दर वेळी पेद्रोसोचं नाव सांगून हलवतो.) उंची, वारा, सगळं जुळवून जगाने तीसेक वर्षं धडपड केली तरी त्या आकड्याच्या आसपास पोहोचलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजावी लागतात.

मग बीमनचा विक्रम मोडणाऱ्या पॉवेलचं काय? ३० ऑगस्ट १९९१, टोकियो, जागतिक अजिंक्यपद. मैदान समुद्रसपाटीला जवळ, वारा फक्त ०.३, उडी ८.९५. तंत्राच्या दृष्टीने, एक प्रशिक्षक म्हणून, मला विचाराल तर आजवरची सर्वांत चोख उडी हीच. बीमनचा विक्रम २३ वर्षांना थोडा कमी टिकला. पॉवेलचा तीस वर्षांच्या पुढे गेला. तरीही तुमच्या वर्गात नाव निघालं बीमनचं. याचं कारण अंतर किती वाढलं यात आहे. पॉवेलने ५ सेंटिमीटरने मोडला, आणि तोवर जगाला नव्वदच्या घरातल्या उडीची कल्पना सरावाची झाली होती. त्याच संध्याकाळी समोर लुईस ८.९१ गेला होता, फक्त त्याला वारा २.९ लागला. शिवाय पॉवेलच्या वाट्याला ऑलिम्पिक सुवर्ण आलं नाही. १९८८ ला रौप्य, १९९२ ला पुन्हा रौप्य, बार्सिलोनात लुईस ८.६७ आणि तो ८.६४. तीन सेंटिमीटर! लोक मोठा मंच लक्षात ठेवतात, आणि त्या मंचावर आधी कोणाला न सुचलेलं काही घडलं तर पिढ्यान्‌पिढ्या ठेवतात. ऑलिम्पिक विक्रम म्हणून तर ८.९० अजून बीमनच्याच नावावर आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकचं सुवर्ण ग्रीसच्या मिल्टियाडिस टेंटोग्लूला ८.४८ वर मिळालं. छप्पन्न वर्षांनंतर, ४२ सेंटिमीटर मागे.

इथवरचं सगळं मुलांना माहीत असावं, पण शिकवण्याचं खरं इथून पुढे आहे.

बीमन न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला. आठ महिन्यांचा असताना आई क्षयाने गेली, आजीने वाढवलं. शाळेत असताना त्याच्यातली उडी प्रशिक्षकांच्या नजरेस पडली. १९६८ च्या हंगामात तो जवळपास प्रत्येक स्पर्धा जिंकत होता, म्हणून 'कुठूनसा आला आणि उडाला' असं जे सांगतात ते मुळातच चूक आहे. त्या वर्षी तो ८.३३ मारून बसला होता. अडचण वेगळी होती. टेक्सासमधल्या ज्या विद्यापीठात तो शिकत होता, तिथल्या काही कृष्णवर्णीय खेळाडूंनी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाविरुद्ध उतरायला वर्णभेदाच्या प्रश्नावर नकार दिला. त्यात बीमन होता. त्याला संघातून काढलं, आणि ऑलिम्पिकच्या वर्षात त्याच्यापाशी प्रशिक्षक उरला नाही. त्याला अनौपचारिकपणे शिकवायला पुढे आला तो राल्फ बॉस्टन. ज्याच्या नावावर जागतिक विक्रम, ज्याच्याशी अंतिम फेरीत लढायचं, तोच.

१७ ऑक्टोबरची पात्रता फेरी. तीन उड्या मिळतात. बीमनचा पहिला फाउल (पाय बोर्डच्या पुढे पडला की उडी बाद), दुसरा फाउल. तिसराही गेला असता तर दुसऱ्या दिवशीची अंतिम फेरी त्याने प्रेक्षकांत बसून पाहिली असती, आणि आज तुमच्या वर्गात त्याचं नाव निघालं नसतं. बॉस्टनने त्याला जवळ बोलावून सांगितलं, की बोर्ड शोधू नकोस, बोर्डच्या बराच मागूनच उडी घे. तुझ्याकडे एवढं अंतर शिल्लक आहे की मागून उडालास तरी सहज पात्र ठरशील. बीमनने ते ऐकलं, बोर्डच्या मागून उडाला आणि आत आला. ती उडी कोणी फोटो लावून ठेवत नाही. पण दुसऱ्या दिवसाचं सगळं तिच्यावर टेकलेलं आहे.

आपल्या मैदानावर हे किती वेळा घडतं ते तुम्ही पाहिलंच असेल. पहिला फाउल झाला की मूल आणखी जोरात पळतं. दुसरा झाला की शेवटची पाच-सहा पावलं मान खाली घालून बोर्ड हुडकत येतं, पावलं आखूड करतं, वेग मरतो, आणि मग एकतर तिसरा फाउल होतो किंवा उडी निम्मीच पडते. साक्रीकडच्या एका आश्रमशाळेतली मुलगी मला भर स्पर्धेत, दोन फाउल झाल्यावर, रडकुंडीला येऊन विचारत होती, "सर, पाय कथा ठेवाना?" (पाय कुठे ठेवायचा?) तेव्हा पायाबद्दल काहीच सांगायचं नसतं. सुरुवातीची खूण एक पाऊल मागे सरकवायची, नजर पिटच्या पलीकडच्या एखाद्या झाडावर ठेवायला सांगायचं, आणि 'बोर्डच्या मागून उडालीस तरी चालेल' असं स्पष्ट शब्दांत बोलायचं. मुलांना कुणी ही परवानगी दिलेली नसते. त्यांना वाटतं बोर्डवर पाय पडलाच पाहिजे.

रन-अपची खूण कशी बसवायची हे इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण प्रश्न जरी कीर्तीचा असला तरी शेवटी सगळं इथेच येऊन अडकतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना मोठ्यांसारखी वीस पावलं देऊ नका, बारा ते चौदा पुरेत. आणि खूण पिटवर बसवू नका. मैदानाच्या मोकळ्या भागात एक रेघ मारा, तिथून मुलाला नेहमी त्याच पायाने सुरुवात करून पूर्ण वेगाने पळू द्या. बारावं पाऊल कुठे पडतं तिथे तुम्ही खडू ठेवा. चार-पाच वेळा पळालं की खुणा एका ठिकाणी गोळा होतात. रेघेपासून त्या घोळक्याच्या मध्यापर्यंत टेप लावा, आणि तेच अंतर बोर्डपासून मागे मोजून सुरुवातीची खूण ठेवा. आता मुलाला बोर्ड बघायची गरजच नाही. त्याने पावलं बरोबर टाकली की बोर्ड आपोआप पायाखाली येतो.

पण खान्देशात एक अडचण आहे जी पुण्या-मुंबईच्या सिंथेटिक ट्रॅकवर सराव करणाऱ्यांना कळत नाही. आपल्या शालेय स्पर्धा पाऊस ओसरता ओसरता सुरू होतात आणि बहुतेक धावपट्ट्या काळ्या मातीच्या. माती बुटाच्या तळाला थर धरते, पाऊल जड होतं आणि आखूड पडतं. बारा पावलांत सहज वीत-दीड वीत कमी पडते, मूल बोर्डपर्यंत पोहोचत नाही. अशा दिवशी खूण पुढे घ्यायची, आणि प्रत्येक प्रयत्नाआधी तळवा काडीने खरवडून घ्यायचा. उलट पाठीमागून वारा असेल तर पावलं लांबतात, तेव्हा खूण मागे. सराव उन्हाळ्यात कडक जमिनीवर केलेला असतो आणि स्पर्धा चिखलात, म्हणून तालुक्याला फाउलांचा पाऊस पडतो. मुलं नालायक असतात म्हणून नव्हे.

वाळूचंही बघा. पिटमधली वाळू चाळून, पाणी मारून, दाताळ्याने सपाट केलेली हवी. उडी मोजली जाते ती वाळूतल्या सर्वांत मागच्या ठशापासून, बोर्डच्या रेघेशी काटकोनात. उतरल्यावर मूल मागे हात टेकतं आणि तिथे ३०-४० सेंटिमीटर गमावतं. मी पंच म्हणून असे हातांचे ठसे मोजत आलोय आणि दर वेळी जीव हळहळतो. पिटमधून मागच्या बाजूने, बोर्डच्या दिशेने चालत बाहेर येण्याची सवय तर पहिल्या दिवशीच मोडा, त्याने फाउल धरला जातो.

आता लुईस. १९८४, १९८८, १९९२, १९९६, चार ऑलिम्पिक, लांब उडीची चार सुवर्णं. शेवटचं अटलांटात, पस्तिसाव्या वर्षी, ८.५० वर. टोकियोत पॉवेलने हरवण्याआधी त्याने लांब उडीच्या सलग ६५ स्पर्धा जिंकल्या होत्या. आणि ज्या दिवशी हरला त्या दिवशीही शेवटच्या चार उड्या ८.८३, ८.९१, ८.८७, ८.८४. हरताना एवढं सातत्य दुसऱ्या कोणी दाखवलेलं मला ठाऊक नाही. खुल्या मैदानावरचा जागतिक विक्रम मात्र त्याच्या नावावर कधीच आला नाही. करिअर म्हणून बघायचं तर बीमन त्याच्या आसपासही नाही: मेक्सिकोनंतर बीमन ८.२२ च्या पुढे गेला नाही. मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत झाली, त्या काळातल्या हौशी खेळाडूंना त्यातून पोट भरता येत नव्हतं, आणि १९७२ च्या ऑलिम्पिक संघात त्याला जागा मिळाली नाही. त्याने पुढे शिक्षण पूर्ण केलं, समाजशास्त्रात पदवी घेतली आणि मुलांमध्ये काम केलं. ते सुवर्णपदक २०२४ च्या फेब्रुवारीत लिलावात ४ लाख ४१ हजार डॉलरना विकलं गेलं. पुढे तेवढं उडता आलं नाही म्हणून ८.९० लहान होत नाही. पण ज्या मुलाला दहा वर्षं खेळायचं आहे त्याने लुईसकडे बघावं हे माझं ठाम मत.

मुलींपुढे मात्र मी अंजूला ठेवतो, आणि खरं तर मुलांपुढेही. केरळमधल्या चंगनाशेरीजवळच्या चीरनचिरा गावची ही मुलगी. प्रशिक्षक नवरा, रॉबर्ट बॉबी जॉर्ज, स्वतः तिहेरी उडीचा राष्ट्रीय विजेता. २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य, त्याच वर्षी बुसानच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २००३ मध्ये ती काही काळ याच माइक पॉवेलकडे सराव करून आली आणि पॅरिसच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ६.७० मीटरवर कांस्यपदक घेतलं. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतलं ते भारताचं पहिलं पदक. पुढच्या वर्षी अथेन्स ऑलिम्पिकमध्ये ती त्याहून १३ सेंटिमीटर पुढे, ६.८३ उडाली. आयुष्यातली सर्वोत्तम उडी, राष्ट्रीय विक्रम, जो वीस वर्षांनंतरही उभा होता. आणि क्रमांक आला सहावा. मॅरियन जोन्स डोपिंगमुळे बाद झाल्यावर तो पाचवा झाला. म्हणजे ६.७० ला पदक आणि ६.८३ ला काहीच नाही. मुलांना हे जरूर सांगा: पदक आणि आकडा यांची सांगड दर वेळी बसत नाही. २००५ ला मोनॅकोच्या वर्ल्ड ॲथलेटिक्स फायनलमध्ये तिला रौप्य मिळालं होतं. पुढे काही वर्षांनी रशियाची तात्याना कोतोवा जुन्या नमुन्याच्या फेरतपासणीत दोषी ठरली आणि ते सुवर्ण झालं. त्या दिवशी ज्या टाळ्या पडायला हव्या होत्या त्या मात्र परत मिळत नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

२०२० मध्ये तिने स्वतःच जाहीर केलं, की जन्मापासून तिला एकच मूत्रपिंड आहे. हे ऐकल्यावर तिच्या कामगिरीचं मोल आणखी वाढतं हे खरं, पण मी मुलांना ते शेवटी सांगतो. आधी सांगतो ते बीजिंग. २००८ चं ऑलिम्पिक, पात्रता फेरी, अंजूचे तीनही प्रयत्न फाउल. जागतिक पदकविजेती, देशातली सर्वोत्तम, आणि तरी बोर्डने दाद दिली नाही. बीमनचा तिसरा प्रयत्न आत पडला, अंजूचा पडला नाही. म्हणून ती लहान ठरत नाही, पण लांब उडीत मोठ्यात मोठ्या नावालाही सुटका नसलेली जागा कुठली, हे त्यातून मुलांना नीट कळतं.

तिची कीर्ती टिकली ती ६.८३ वर थांबून राहिली नाही म्हणून. बंगळुरूत तिने आणि बॉबीने मुली घडवायला घेतल्या. झाशीची शैली सिंह त्यांच्यापैकीच, जिने २०२१ मध्ये नैरोबीत वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत ६.५९ वर रौप्य घेतलं, सुवर्णापेक्षा एकच सेंटिमीटर कमी, आणि २०२३ मध्ये ६.७६ उडाली. त्याच कामासाठी २०२१ ला वर्ल्ड ॲथलेटिक्सने अंजूला वर्षातली सर्वोत्तम महिला म्हणून गौरवलं. नंदुरबारच्या एखाद्या मुलीला हे सांगताना मला कधी अतिशयोक्ती करावी लागत नाही.

मुलांसाठी आपल्याच देशातलं आणखी एक नाव आहे, आणि ते फार लवकर विसरलं गेलं: टी. सी. योहानन. १९७४ च्या तेहरान आशियाई स्पर्धेत ८.०७, सुवर्ण आणि आशियाई विक्रम, आठ मीटर ओलांडणारा पहिला भारतीय. तो राष्ट्रीय विक्रम जवळपास तीस वर्षं टिकला. आज जेस्विन ऑल्ड्रिन ८.४२ आणि मुरली श्रीशंकर ८.४१ वर आहेत, दोन्ही उड्या २०२३ च्या. पण योहाननचं नाव तुमच्या वर्गात कुणाला माहीत आहे का, हे विचारून बघा. नसेल तर तो दोष मुलांचा नाही, आपला आहे.

तुमच्या विद्यार्थ्याला उत्तर म्हणून एवढं वाचून दाखवलं तरी पुरे. पण मैदानावर उतरवायचं असेल तर येत्या शनिवारी पात्रता फेरी घ्या. वयोगट बघून एक अंतर ठरवा, मुलामुलींना झेपेल असं. प्रत्येकाला सांगा की तुझे दोन फाउल झालेत, आता एकच उडी आहे. लाल-पांढरा झेंडा एका मुलाच्या हातात द्या, टेप दुसऱ्याच्या. जे बोर्डच्या मागून शांतपणे उडून रेघ ओलांडतील त्यांची नावं वहीत आधी लिहा, सर्वांत लांब उडणाऱ्यांची त्यांच्या खाली. आणि खुणा बसवायच्या आधी धावपट्टी कोरडी आहे का ते बघून घ्या. ओली असेल तर सगळ्यांच्या खुणा एक वीत पुढे.